रोजगार हमी योजनेचे जनक : वि. स. पागे

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि पालघर हे त्याचे मुख्यालय झाले. येथील जिल्हाधिकारी कार्यालयात महसूल, पुरवठा, निवडणूक या शाखांबरोबर रोजगार हमी योजनेचीही शाखा आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांतील मजुरांशी तिचा निकटचा संबंध आहे. या योजनेचे बीज ज्यांच्या चिंतनातून रुजले, ते महाराष्ट्र विधान परिषदेचे माजी सभापती कै. विठ्ठल सखाराम पागे होत.

पागेसाहेबांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यात झाला. तरुण वयातच गांधीविचारांनी भारावून त्यांनी स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला. साधी राहणी आणि ग्रामीण जीवनाशी जडलेले नाते त्यांनी अखेरपर्यंत जपले. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी विधान परिषदेचे सभापतिपद त्यांच्याकडे आले. १९७८ पर्यंत, म्हणजे सुमारे अठरा वर्षे, त्यांनी हे पद भूषविले. या काळात अनेक मुख्यमंत्री आले आणि गेले; सभापतींच्या आसनावर मात्र पागेसाहेबच होते.

सभापतीने पक्षभेदापासून दूर राहावयाचे असते आणि सभागृहातील चर्चेत भागही घ्यावयाचा नसतो. त्यामुळे आपला विचार शासनाच्या गळी उतरविण्यासाठी पागेसाहेबांकडे पत्रव्यवहार, आकडेमोड आणि प्रत्यक्ष भेटीगाठी एवढीच साधने होती. ती त्यांनी विलक्षण चिकाटीने वापरली.

त्यांना भेडसावणारा प्रश्न साधा होता. कोरडवाहू शेतीत पावसाळा सरला की मजुराच्या हाताला काम राहत नाही. दुष्काळ जाहीर झाला तर सरकार खडी फोडण्याची कामे काढते. पाऊस पडला की ती बंद होतात. अशा वेळी मजूर सरकारच्या दयेवर अवलंबून राहतो. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचे मार्गदर्शक तत्त्व आहे. अंगमेहनत करण्यास तयार असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीस गावाजवळ काम देण्याचे बंधन शासनाने स्वीकारावे आणि त्या श्रमातून बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते अशी टिकाऊ मालमत्ता उभी राहावी, अशी त्यांची मांडणी होती.

१९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात या कल्पनेचा प्रयोग झाला. त्याच्या अनुभवावरून तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने १९७२ मध्ये योजना राज्यभर लागू केली. पाठोपाठ महाराष्ट्राने भीषण दुष्काळ अनुभवला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. एवढ्या माणसांना काम देता येते, हे त्या संकटाने सिद्ध केले. मात्र दुष्काळ ओसरल्यावरही काम देत राहावयाचे, तर पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरला.

या प्रश्नाच्या उत्तराशी आपल्या व्यापारी समाजाचाही संबंध आहे. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, दुकानदार, वकील, डॉक्टर यांच्याकडून हा कर घेऊन तो रोजगार हमीसाठी राखून ठेवावयाचा आणि तेवढीच भर शासनाने घालावयाची, अशी व्यवस्था ठरली. पालघर-बोईसरच्या बाजारपेठेतील दुकानदाराने भरलेल्या कराचा दुर्गम पाड्यावरील मजुराच्या मजुरीशी असा संबंध जोडला गेला. शहराने गावासाठी आपला वाटा उचलावा, हा विचार त्यामागे होता.

पुढे रोजगार हमी अधिनियम, १९७७ विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. मजुरी कामाच्या मोजमापावर ठरत असल्याने स्त्री व पुरुष यांना एकच दर लागू झाला. कामावर पिण्याचे पाणी, सावली व लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी, असेही ठरले. स्त्रिया मोठ्या संख्येने या कामांवर आल्या.

योजनेच्या वाटचालीत उणिवाही राहिल्या. कोठे हजेरीपटावर खोटी नावे लागली, कोठे मजुरी महिनोन्महिने रखडली. आपल्या जिल्ह्यात आजही भातकापणी आटोपली की अनेक आदिवासी कुटुंबे बिऱ्हाड घेऊन भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात. गावातच वेळेवर काम आणि वेळेवर मजुरी मिळाली, तर हे स्थलांतर कमी होईल आणि मुलांची शाळा सुटणार नाही. कायदा झाला, तरी त्याची राखण करणारी माणसे गावोगावी लागतात, हाच याचा अर्थ.

१६ मार्च १९९० रोजी पागेसाहेबांचे निधन झाले. त्याच वर्षी रोजगार हमीशी फळबाग लागवडीची योजना जोडण्यात आली आणि लहान शेतकऱ्यांच्या माळरानावर आंबा, काजू, चिकूची कलमे उभी राहिली. २००५ साली संसदेने ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. विधान भवनातील संसदीय प्रशिक्षण केंद्रास पागेसाहेबांचे नाव देऊन राज्याने त्यांची स्मृती जतन केली आहे.

अठरा वर्षे उच्चपदावर राहूनही त्यांची दृष्टी शेताच्या बांधावरील मजुरावर खिळलेली होती. हाताला काम मागणाऱ्यास याचकाऐवजी हक्कदार मानण्याची शिकवण त्यांनी महाराष्ट्राला दिली. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सेवाकार्याचा पुढील संकल्प करताना या थोर लोकप्रतिनिधीचे जीवनकार्य सर्वांना मार्गदर्शक ठरावे. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.