आरोग्य खात्यांतील एक थोर इंजिनियर : कै. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या

आमचा जुना जालना कुंडलिकेच्या कांठीं वसलेला असला, तरी पाण्याची विवंचना येथील माणसाला कधीं सुटलेली नाहीं. मोती तलाव व त्यापासून गांवांत खेळविलेले जमिनीखालचे नळ यांच्या गोष्टी वडीलधारी मंडळी सांगत असत; आणि इ. स. २०१३ च्या दुष्काळांत टँकरची वाट पाहत मांडलेल्या हंड्यांच्या रांगा तर आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिल्या आहेत. तेव्हां धर्मग्रामाच्या या महोत्सवी स्मरणिकेंत आम्ही एका इंजिनियराचें चरित्र देत आहों, याचें प्रिय वाचकांस नवल वाटूं नये. शिवाय, १९४८ पर्यंत जालना ज्या निजामी राज्यांत मोडत होता, त्याच्या राजधानीला महापुरापासून वांचविण्याचा उपाय याच गृहस्थांनीं सुचविला.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी या खेड्यांत १५ सप्टेंबर १८६१ रोजीं झाला. वडील लवकर वारले. मुलांना शिकवून मिळालेल्या पैशांवर त्यांनीं बंगलोरास बी. ए. पर्यंत मजल मारली आणि पुढें संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन ते पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आले. १८८३ सालीं परीक्षेंत पहिला क्रमांक मिळवून दुसऱ्याच वर्षीं ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत असिस्टंट इंजिनियर झाले. पहिली नेमणूक नाशिकास झाली.

लवकरच त्यांना खानदेशांत धुळ्याकडे एका ओहोळावरून पाणी पलीकडे नेणारा नळ बसविण्याचें काम मिळालें. पावसाळा सुरू होऊन काम अडलें, तेव्हां तें पुढें ढकलण्याची परवानगी त्यांनीं मागितली. वरिष्ठांस तें रुचलें नाहीं. तरुण विश्वेश्वरय्यांनीं मग वाद घातला नाहीं. भर पुराच्या दिवसांत त्यांनीं तेंच काम पुरें करून दिलें. आमच्या मतें त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचें बीज येथेंच दिसतें.

१८९४ च्या सुमारास त्यांना सिंधमधील सक्कर शहरीं धाडण्यांत आलें. सिंध त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होता. सिंधुनदीचें पाणी गढूळ, आणि तें गाळण्याची यंत्रणा उभारण्याइतका पैसा म्युनिसिपालिटीजवळ नव्हता. विश्वेश्वरय्यांनीं नदीच्या पात्रांतच विहीर खणविली आणि पात्राखालून एक बोगदा काढून तिला जोडला. वाळूच्या थरांतून झिरपून स्वच्छ झालेलें पाणी विहिरींत जमूं लागलें व तेथून पंपानें वर चढविलें गेलें. ज्या शहरांत पटकी पाण्यावाटे घरांत शिरते, तेथें अशा विहिरीचें मोल किती, हें आया-बहिणींस सांगणें नको.

पुढें पुण्यास असतां खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढलें कीं ते आपोआप उघडत व पूर ओसरला कीं मिटत. धरणाची भिंत न वाढवितां सुमारें ८ फूट अधिक पाणी त्यामुळें सांठवितां आलें. याच काळांत ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनियर झाले; इलाख्यांतील शहरांचा पाणीपुरवठा व सांडपाणी हा त्यांचा विषय झाला. १९०६ सालीं सरकारनें त्यांना एडनलाहि पाठविलें. इतकें करूनहि हिंदी माणसाला चीफ इंजिनियरची जागा मिळण्याची आशा थोडीच होती. १९०८ सालीं ते नोकरींतून मोकळे झाले.

त्याच वर्षीं २८ सप्टेंबरला हैदराबादेंत मुसी नदीला महापूर आला. वरच्या बाजूचे दोनशेंवर लहानमोठे तलाव एकामागून एक फुटले आणि त्यांचें सारें पाणी शहरावर लोटलें. सुमारें १५,००० माणसें बुडालीं असें मानतात. विश्वेश्वरय्या तेव्हां परदेशांत होते. निजाम सरकारच्या बोलावण्यावरून ते १९०९ सालीं हैदराबादेंत आले आणि पावसाचे आंकडे व पुराच्या खुणा तपासण्यास लागले. नदीच्या दोन्ही कांठांस भिंती बांधून भागणार नाहीं, पूर शहराच्या वरच अडविला पाहिजे, असा त्यांचा निर्णय पडला. त्याप्रमाणें मुसीवर उस्मानसागर (१९२०) व ईसी नदीवर हिमायतसागर (१९२७) बांधण्यांत आले. पुरासाठीं बांधलेले हे तलाव शहराची तहानहि भागवूं लागले. पोटापाण्यासाठीं हैदराबादेस गेलेली आपल्याकडील माणसें गंडीपेटच्या पाण्याची वाखाणणी करीत, तें हेंच पाणी. शहराच्या गटारांच्या योजनेसाठीं ते १९२२ सालीं पुन्हां तेथें गेले.

मध्यंतरीं म्हैसूरचे चीफ इंजिनियर व १९१२ पासून दिवाण म्हणून त्यांनीं केलेलें कार्य, तसेंच कृष्णराजसागर धरण, हीं सर्वश्रुत आहेत. एक गोष्ट मात्र आम्हीं झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. मागासलेल्या जातींना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याचा विचार महाराजांनीं चालविला, तेव्हां गुणवत्तेचें कारण देऊन विश्वेश्वरय्यांनीं त्यास विरोध केला आणि दिवाणगिरी सोडली. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसानें येथें अधिक उदार व्हावयास हवें होतें, असें आम्हांस वाटतें.

१९५५ सालीं त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटून खडकवासल्याचें धरणहि वाहून गेलें व पुण्यांत हाहाकार उडाला, तेव्हां ते हयात होते. पुढच्या एप्रिलांत, वयाची शंभरी ओलांडून, त्यांनीं बंगलोरास देह ठेवला. मुद्देनहळ्ळीस त्यांचें स्मारक आहे.