नेपच्यूनपलीकडचा वेध घेणारे शिक्षक : ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

अमावस्येच्या रात्री शिरूर अनंतपाळच्या शिवारातून आकाश ताऱ्यांनी खच्चून भरलेले दिसते. तरीही प्लूटो नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. तो दुर्बिणीला सापडण्यापूर्वी १९ वर्षे एका मराठी शिक्षकाने नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचे अंतर गणिताने मांडले होते. ते शिक्षक म्हणजे ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर.

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंद येथे झाला. तत्कालीन मुंबई इलाख्यातील बागलकोट येथे त्यांनी अध्यापन केले. शाळा सांभाळून त्यांनी आयुष्यभर ग्रहगणिताची उपासना केली. जुन्या पद्धतीने काढलेली ग्रहांची स्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नव्हती. पंचांगातील गणित आकाशाच्या कसोटीस उतरलेच पाहिजे, या निष्ठेने त्यांनी आधुनिक खगोलशास्त्राचा अभ्यास केला आणि ‘ज्योतिर्गणितम्’, ‘केतकी ग्रहगणितम्’ हे ग्रंथ संस्कृतात रचले.

मे १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. गुरूचे आयो, युरोपा व गॅनिमीड हे चंद्र एका ठरावीक प्रमाणात फिरतात. आयोच्या चार फेऱ्या होतात, तेव्हा युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक होते. लाप्लास यांनी उलगडलेला हा मेळ केतकरांनी दूरच्या ग्रहांना लावून पाहिला आणि दोन अज्ञात ग्रहांचे अनुमान केले. त्यांना त्यांनी ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. सूर्य व पृथ्वी यांतील अंतर एक मानल्यास ब्रह्माचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर ३८.९५ आणि प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे, असे त्यांचे गणित होते.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना छायाचित्रांची तुलना करताना प्लूटो आढळला. १३ मार्चला ही वार्ता जाहीर झाली. प्लूटोचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४८ वर्षे निघाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला विजापूर येथे केतकरांचे निधन झाले.

तथापि प्लूटोच्या शोधाचे श्रेय टॉम्बॉ यांचेच आहे. ग्रह आकाशात नेमका कोठे शोधावा, हे केतकरांनी सांगितले नव्हते. त्यांचा विष्णू कधीच सापडला नाही. २००६ साली प्लूटोचीही गणना बटुग्रहांत झाली. केतकरांचे मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. चूक ठरण्याचा धोका पत्करून त्यांनी आपले अनुमान स्पष्ट आकड्यांत जगापुढे ठेवले. पंचांगाला लावलेली आकाशाची कसोटी त्यांनी स्वतःच्या गणितालाही लावू दिली.