कराचीहून जुहूला सव्वासात तासांत

नकाशावर अहमदाबाद आणि जुहू यांच्यात पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती डहाणूचा किनारा आणि तलासरी यांच्या मधून जाते. एका बाजूला घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या, दुसरीकडे बहरोटचा डोंगर. त्याच्या गुंफांत पारशांनी आपला पवित्र अग्नी लपवून जपला, अशी परंपरा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दुपारी एकच्या सुमारास याच पट्ट्यावरून एक चिमुकलं पुस मॉथ विमान दक्षिणेकडे गेलं असावं. ते चालवत होते २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. आई फ्रेंच. सुट्टीत कुटुंब फ्रान्सच्या ज्या किनाऱ्यावर जाई, तिथेच इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे ब्लेरिओ यांचं घर होतं. पंधराव्या वर्षी पहिली फेरी मारली आणि मुलगा आकाशाचाच झाला. १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी, इंग्लंड ते भारत एकट्याने उडण्याच्या आगाखान स्पर्धेत ते कराचीहून निघाले. वाटेत इजिप्तमध्ये प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनीयर स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेले. जे. आर. डीं.नी आपल्याकडचा काढून दिला. स्पर्धा अस्पींनी जिंकली!

१९३२ च्या त्या सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी ते कराचीच्या ड्रिघ रोडवरून उडाले. सोबत प्रवासी नाही, फक्त सुमारे २५ किलो टपाल. विलायतेची विमानडाक इंपीरियल एअरवेज कराचीपर्यंत आणी. तिथून ती पुढे न्यायची होती. वाट दाखवायला रेडिओ नव्हता. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. जुहूला चाकं टेकली तेव्हा १ वाजून ५० मिनिटं झाली होती. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास, वेळ सव्वासात तास. आम्हा बँकवाल्यांना यातली गोम चटकन कळते: हुंडी टपालात जितके दिवस, तितके दिवस पैसा अडकलेला. पुढे मद्रासपर्यंत विमान नेलं ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. या डाकसेवेची मूळ कल्पनाही त्यांचीच.

जुहूचा तळ म्हणजे चिखलाची पट्टी. पावसाळ्यात तो बुडे, मग बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागे. याच कंपनीची पुढे एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं तेव्हा जे. आर. डी. आत होते. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिलं. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी सरकारने मात्र त्यांना दूर केलं. ज्या रीतीने केलं, ती काही बरी नव्हती.

त्यानंतर चार वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, ७८ वर्षांचे जे. आर. डी. जुन्या लेपर्ड मॉथमध्ये एकटे बसले आणि पुन्हा कराचीहून त्याच वाटेने जुहूला उतरले. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली.

कराची-मुंबई सरळ रेषेत सुमारे ८८० किलोमीटर. जेट विमानाला दीड तासही पुष्कळ. एप्रिल २०२५ मध्ये मात्र दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं.