वसईचा दुभाष्या

सेकंड इयरला आमची विंग भीमाशंकरला गेली होती. देवळापाशी टांगलेल्या त्या भल्यामोठ्या घंटेसमोर मी लगेच माहिती पुरवली, की १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा ही पोर्तुगीजांकडून आली. शाळेत वसईच्या मोहिमेवर भाषण ठोकून बक्षीस मिळवलं होतं ना! माझा वसईकर रूममेट शांतपणे म्हणाला, की म्हणजे ही आमच्याच एखाद्या चर्चची असणार. पोरं हसली. मला मात्र जरा कसंतरी झालं. दीड वर्ष एका खोलीत राहून त्याच्या गावाबद्दल मला फक्त लढाई माहीत होती. आडनाव ऐकून सगळे त्याला गोव्याचा समजतात आणि तो दरवेळी आपल्या अस्सल मराठीत खुलासा करत बसतो.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो. किल्ल्यात त्याने फ्रान्सिस्कनांच्या चर्चचे अवशेष दाखवले. छप्पर नाही, जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा. फ्रान्सिस्कन म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या पंथातले फकिरी वृत्तीचे साधू. आपल्याकडे ते पोर्तुगीजांच्याही आधी आले होते. त्यांच्यातले चौघे १३२१ मध्ये ठाण्यात मारले गेले. पण रूममेटला सांगायचं होतं ते गोन्सालो गार्सियाबद्दल.

गोन्सालो साधारण १५५७ च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट पाद्रींच्या शाळेत शिकला आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याबरोबर थेट जपानला गेला. (आम्हाला पंधराव्या वर्षी एकट्याने स्वारगेटला पाठवायला घरचे तयार नव्हते.) तिथे पोरगा जपानी भाषा अशी शिकला, की लोक त्याच्यावर खूष. आठ वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं, आशा एकच, की जेझुइट संघात आपल्याला घेतील. नाही घेतलं. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या मिश्र रक्ताच्या मुलांना संघात घ्यायला वरिष्ठ नाखूष असत. आठ वर्षं राबवून घेऊन रिजेक्ट! कॅम्पसच्या सीझनमध्ये हे वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मग तो व्यापारात शिरला. भाषा येत होती, माणसं ओळखीची होती, धंदा चांगला चालला. पण मन रमेना. सगळं सोडून तो फिलिपाइन्समध्ये मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कनांत साधा ब्रदर झाला. पाद्री नाहीच, शेवटपर्यंत ब्रदर.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीकडे पाठवलं. दुभाष्या कोण? आपला गोन्सालो. हिदेयोशीला फिलिपाइन्सने आपल्यापुढे मान तुकवावी असं वाटत होतं, स्पॅनिशांना ते मान्य होणं शक्य नव्हतं, आणि मधे उभा वसईचा माणूस, दोन्हीकडचे शब्द तोलत. मला त्याच्या आयुष्यातली हीच जागा सर्वांत अवघड वाटते. तरी क्योतोत त्यांना जागा मिळाली. चर्च झालं, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय झालं.

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. तेव्हा एका खलाशाने नकाशा दाखवून आपल्या राजाच्या साम्राज्याची फुशारकी मारली असं सांगतात. ते कितपत खरं यावर वाद आहे. पण आधी पाद्री येतात आणि मागून फौज, हा संशय पक्का झाला. (पोर्तुगीजांखालचं कोकण पाहिलेल्या माणसाला हा संशय अगदीच खुळा वाटणार नाही.) हिदेयोशीने धरपकडीचा हुकूम दिला.

जानेवारी १५९७. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि धिंड काढली. तिथून भर थंडीत, बराचसा पायी, नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर वारी अडीचशेच्या आसपास, म्हणजे तिच्या तिप्पट. निघाले २४, वाटेत दोन वाढले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, बाकी बहुतेक साधे जपानी भाविक. सर्वांत लहान लुईस इबाराकी, बारा वर्षांचा. ५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. गोन्सालो चाळिशीचा होता. ज्या संघाने त्याला नाकारलं, त्याची माणसं त्याच रांगेत होती.

१६२७ मध्ये रोमने त्यांना धन्य घोषित केलं आणि ८ जून १८६२ ला संतपद दिलं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. निशिझाकावर १९६२ पासून २६ जणांचं स्मारक आहे, लोक यात्रेला जातात. वसईजवळ गासला त्याच्या नावाचं चर्च आहे.

परतताना लोकलमध्ये मी रूममेटला विचारलं, की भीमाशंकरला हे का नाही सांगितलं. तो म्हणाला, की तुझं भाषण संपेल तेव्हा ना! यंदा ५ फेब्रुवारीला त्याने सगळ्या विंगला वसईचं आमंत्रण दिलंय. सबमिशन नेमकी त्याच आठवड्यात आहेत.