हलक्या गाडीचा किमयागार : कॉलिन चॅपमन

गुलमंडीच्या चौकात सायंकाळी क्षणभर उभे राहिले, की या शहराचे इंजिनाशी जडलेले नाते कानांनाच कळते. सुपारी हनुमान मंदिरासमोरून दुचाकींची रांग सरकत असते आणि त्यांतील कित्येकांचा जन्म वाळूजचा. तेथे १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि गावातल्या पोराटोरांनाही सीसी, अश्वशक्ती हे शब्द तोंडपाठ झाले. आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी स्वतःच्या हाताने छोट्या शर्यती गाड्या बांधतात. नळ्या जोडून सांगाडा उभा राहतो, चाके मिळतात, आणि मग गाडे एका प्रश्नापाशी अडते : इंजिन कोणते बसवायचे? ताकदीचे हवे, पण हलकेही हवे आणि खिशाला परवडणारेही हवे.

हाच प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वी लंडनमधील एका विद्यार्थ्यापुढे उभा होता. त्याचे नाव अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन. ‘लोटस’ या जगप्रसिद्ध मोटारींचा हा जनक. त्याने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, त्याने मोटार शर्यतींचे शास्त्र बदलले. त्या उत्तराची किंमतही मोठी होती आणि ती नेहमी त्याने स्वतःच मोजली असे नाही.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, इंग्लंडमधील रिचमंडचा. वडील उत्तर लंडनच्या हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल चालवीत. मुलगा युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकाम अभियांत्रिकी शिकू लागला. एखाद्या पुलावर भार कोठून कसा वाहतो, कोणता दांडा ताण सोसतो आणि कोणता नुसताच वजन वाढवतो, हे शास्त्र त्याने तेथे आत्मसात केले. विद्यापीठाच्या हवाई पथकात तो विमान उडवायलाही शिकला. विमानाला एकही अनावश्यक किलो परवडत नाही, हा धडा त्याने आयुष्यभर विसरला नाही.

शिकता शिकता तो मित्राच्या साथीने जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करीत असे. १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी वाहनांचे पेट्रोल रेशन बंद केले आणि हा धंदा बसला. हाती उरली एक जुनी ऑस्टिन सेव्हन. कोणी घेईना, म्हणून चॅपमनने तीच उघडली. जुनी बॉडी काढून टाकली आणि विमानाच्या धर्तीवर प्लायवूड व ॲल्युमिनियमचे हलके कवच चढवले. हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजात १९४८ मध्ये तयार झालेली ही गाडी म्हणजे पहिली लोटस. इंजिन होते तेच जुने, ७४७ सीसीचे. गाडी मात्र बदलली होती.

१९५१ मध्ये त्याने तिसरी गाडी शर्यतीत उतरवली. ऑस्टिनच्या या इंजिनात चार सिलिंडरना मिश्रण शोषण्यासाठी दोनच सामायिक वाटा होत्या. चॅपमनने त्या वाटांमध्ये पडदे घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. इंजिन तेवढेच, वजन जवळपास तेवढेच, पण दम वाढला. गाडीने प्रतिस्पर्ध्यांना इतके मागे टाकले, की शर्यतीच्या संयोजकांनी पुढे ही युक्तीच नियमाबाहेर ठरवली.

१ जानेवारी १९५२ रोजी, हेझलकडून घेतलेल्या २५ पौंडांच्या बळावर, लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली. जागा म्हणजे वडिलांच्या हॉटेलमागचा जुना तबेला. हेझलशी त्याचा विवाह पुढे १९५४ मध्ये झाला. कंपनीचे पहिले खरे उत्पादन होते मार्क सिक्स. तिचा नळ्यांचा सांगाडा अवघा २५ किलो वजनाचा. गाडी सुट्या भागांत विकली जाई. इंजिन ग्राहकाने स्वतः आणायचे आणि घरच्या घरी गाडी जोडायची. यामागे हौस होतीच, पण हिशेबही होता. तयार मोटारीवर ब्रिटनमध्ये भारी खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. जोडणीच्या सूचना देता येत नसल्याने गाडी कशी सोडवावी याच्या सूचना दिल्या जात आणि ग्राहक त्या उलट्या क्रमाने वाचत, असा किस्सा आजही सांगितला जातो.

बहुतेक ग्राहक फोर्डचे ११७२ सीसीचे इंजिन निवडीत. बिडाचे, जुन्या घडणीचे, ताकदीला बेताचेच. पण ते भंगारातल्या गाडीतूनही मिळे, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात असत आणि कोणताही मेस्त्री ते उघडू शके. स्वतः गाडी बांधणाऱ्याला या गोष्टी कागदावरच्या अश्वशक्तीहून अधिक मोलाच्या असतात.

ज्यांना अधिक वेग हवा होता, त्यांच्यासाठी चॅपमनकडे वेगळेच उत्तर होते, आणि ते आले होते अग्निशमन दलाकडून! १९५० च्या सुमारास ब्रिटिश सरकारला माणसांना उचलून नेता येईल असा पाण्याचा पंप हवा होता. निम्म्या वजनात दुप्पट पाणी, अशी अपेक्षा होती. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीत वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांनी त्यासाठी ॲल्युमिनियमचे छोटे इंजिन घडवले. शर्यतवाल्यांनी ते पाहिले आणि कंपनीकडे तगादा लावला. १९५४ मध्ये त्याची मोटारीसाठीची, सुमारे ११०० सीसीची आणि सत्तरहून अधिक अश्वशक्तीची आवृत्ती आली. चॅपमनने ती आपल्या शर्यती गाड्यांत बसवली. १९५७ मध्ये आलेल्या प्रसिद्ध लोटस सेव्हनमध्येही पुढच्याच वर्षी ती बसू लागली. सेव्हनचे वजन सुमारे साडेचारशे किलो. तिप्पट वजनाच्या, दुप्पट ताकदीच्या गाड्या तिच्यापुढे जड वाटत.

चॅपमनचा हिशेब साधा होता. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते. वजन घटवले तर ती वेग घेताना, वळताना, थांबताना, सर्वत्रच वेगवान होते. जड इंजिन घेतले, की त्याला पेलणारा जाड सांगाडा लागतो, मग दणकट स्प्रिंगा, मग मोठे ब्रेक, आणि हे सारे वजन ओढण्यासाठी पुन्हा अधिक ताकद. हे दुष्टचक्र त्याने पहिल्याच पायरीवर तोडले.

आपल्याकडेही असे वेड होते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ‘मीरा’ ही छोटी मोटार स्वतःच्या कर्तृत्वावर घडवली, पण ती व्यावसायिक उत्पादनापर्यंत पोहोचू शकली नाही. चॅपमनच्या कल्पकतेला त्याच्या देशातील करपद्धतीने नकळत हातभार लावला. ते भाग्य प्रत्येक यंत्रवेड्याच्या वाट्याला येत नाही.

पुढचा प्रवास झपाट्याचा. १९६३ मध्ये जिम क्लार्कने लोटसला फॉर्म्युला वनचे पहिले विश्वविजेतेपद मिळवून दिले. १९६६ पासून तीन लिटर इंजिनांचा नियम आला आणि चॅपमनपुढे पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहिला. त्याने फोर्डला एक लाख पौंड गुंतवायला राजी केले आणि कॉसवर्थच्या कीथ डकवर्थने डीएफव्ही हे आठ सिलिंडरचे इंजिन साकारले. लोटस ४९ मध्ये या इंजिनालाच सांगाड्याचा भाग करण्यात आले. मागची चाके थेट इंजिनाला आणि गिअरबॉक्सला जोडलेली, मागे वेगळा सांगाडाच नाही. ४ जून १९६७ रोजी झांडफोर्ट येथे या जोडीने पदार्पणातच शर्यत जिंकली. पुढे या इंजिनाने विविध संघांसाठी १५५ ग्रां प्री जिंकल्या.

मात्र हलकेपणाची ही वाट काठावरून जाणारी होती. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे चाक धावताना निखळले. त्याच सरावात माईक टेलरच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. दोघेही गंभीर जखमी झाले आणि टेलरने कंपनीला न्यायालयात खेचले. १९६९ मध्ये योखेन रिंट याने चॅपमनला पत्र लिहून गाडीचे नाजूक भाग मजबूत करण्याची विनवणी केली होती. थोडे वजन वाढले तरी चालेल, असा त्याचा आशय होता. ५ सप्टेंबर १९७० रोजी मॉन्झा येथे सरावादरम्यान रिंटचा मृत्यू झाला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्याचे चौकशीत पुढे आले. कडेच्या कठड्यांची सदोष बांधणीही तितकीच जबाबदार धरली गेली. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद रिंटला मरणोत्तर मिळाले.

चॅपमनच्या हयातीत लोटसने संघांचे सात विश्वकिताब पटकावले. अखेरची वर्षे मात्र डेलोरियन मोटार प्रकल्पातील सरकारी पैशांच्या अपहाराने काळवंडली. १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. त्याच्यावर खटला उभा राहू शकला नाही. त्याचा सहकारी फ्रेड बुशेल याला पुढे १९९२ मध्ये तुरुंगवास झाला.

लोटस सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅम कंपनीने घेतले. तिच्या गाड्या आजही सुट्या भागांत मिळतात आणि हौशी माणसे त्या घरी जोडतात. आपल्या रस्त्यांवर अशा घरगुती गाडीला वाव नाही; विद्यार्थ्यांची धाव स्पर्धेच्या मैदानापुरतीच. पण इंजिन निवडताना त्यांनी चॅपमनकडून दोन्ही गोष्टी घ्याव्यात. आधी वजन पाहावे, मग ताकद. आणि कोणता दांडा हलका करायचा हे ठरवताना, त्या दांड्याच्या भरवशावर गाडीत कोण बसणार आहे, हेही पाहावे.