बर्था बेंझ

बर्था बेंझ (माहेरचे आडनाव रिंगर, ३ मे १८४९, फोर्ट्सहाइम – ५ मे १९४४, लाडेनबुर्ग) या मोटारगाडीच्या इतिहासातील अग्रणी जर्मन महिला होत. विवाहापूर्वीच त्यांनी हुंड्याची रक्कम कार्ल बेंझ यांच्या उद्योगात गुंतवली. कार्ल यांच्या मोटारगाडीला १८८६ मध्ये पेटंट मिळाले, तरी ग्राहक मिळेनात. ऑगस्ट १८८८ मध्ये पतीला न कळवता, दोन मुलांसह त्यांनी मानहाइम ते फोर्ट्सहाइम हा सुमारे १०० किमीचा प्रवास गाडीने केला. वाटेत तुंबलेली इंधननळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण झिजताच मोजे बांधण्याचा पट्टा तिच्याभोवती गुंडाळला. इंजिन बंद पडू लागल्यास इंधन आणि ठिणगी हीच दोन अंगे प्रथम तपासली जातात. मोटारगाडी लांबचा पल्ला गाठू शकते, हे या प्रवासाने लोकांसमोर आले.