बालगंधर्व : रूपाचे ऋण

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचे चरित्र बहुधा त्यांच्या वैभवकाळाच्या वर्णनाने सुरू होते. प्रस्तुत लेखात आपण ते मधूनच, त्यांच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापासून, पाहू लागणार आहोत. प्रेक्षक गायकाला ऐकतो की पाहतो, हा प्रश्न त्या वर्षी उघडपणे पुढे आला.

सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींनी उपोषण केले आणि २४ सप्टेंबरला तेथेच पुणे करार झाला. अस्पृश्यतेचा प्रश्न त्या दिवसांत महाराष्ट्रभर चर्चिला जात होता. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली आणि १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांनी संत एकनाथांवर बोलपट काढला. अस्पृश्यांच्या घरी जेवणारे एकनाथ हा त्याचा गाभा होता. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. त्यात येरवड्याच्या बंदिवानाची आठवण दडलेली आहे, हे सेन्सॉरच्या नजरेतून सुटले नाही. अखेर तो 'धर्मात्मा' या नावाने प्रदर्शित झाला.

एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली होती. संगीत मास्टर कृष्णरावांचे, म्हणजे त्यांच्याच नाटक मंडळीत वाढलेल्या, त्यांच्या गळ्याची नस न् नस ठाऊक असलेल्या कलावंताचे होते. आवाजही तोच होता. तरीही प्रेक्षक मनापासून रमला नाही. तीस वर्षे ज्यांना शालू, नथ आणि गजऱ्यात पाहिले, ते संतवेषातले पुरुष म्हणून समोर आले, तेव्हा लोकांना आपले बालगंधर्व ओळखीचे वाटेनात. स्वतः बालगंधर्वही कॅमेऱ्यापुढे अवघडलेले होते. प्रभातशी त्यांची भागीदारी या एका चित्रपटानंतर संपली. पुढे 'साध्वी मीराबाई' या बोलपटात ते पुन्हा स्त्रीवेषात आले, हे येथे ध्यानात ठेवावे.

हा आवाज आणि हा वेष एकमेकांना इतके कसे चिकटले, हे समजण्यासाठी मागे जावे लागेल. बालगंधर्वांचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंसांचे गाव सांगली जिल्ह्यातील नागठाणे. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले, अशी परंपरा आहे. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर निवर्तले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीची नायिका हरपली. कुलीन घरातील स्त्रियांना रंगभूमी वर्ज्य होती. कलावंत घराण्यांतील गायिकांना बैठकीत दाद मिळे, परंतु समाजात मान नसे. त्यामुळे नायिकेसाठी मुलगाच शोधावा लागे, आणि तो शोध केवळ गळ्याचा नसे. चेहरा, बांधा, वर्ण, चालण्याची लकब हे सारे पारखून मगच गाणे ऐकले जाई. या कसोटीवर कितीतरी चांगले गळे मागे राहिले असतील. इतिहासात त्यांची नोंद होण्याचे कारणच नव्हते.

नारायणाकडे दोन्ही होते. उणीव निघाली ती कानात. त्याला कमी ऐकू येई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्याच्यावर उपचार करविले आणि १९०५ मध्ये मिरजेतच तो किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. शकुंतलेच्या भूमिकेतील त्या तरुणाने प्रेक्षकांना जिंकले. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान' रंगभूमीवर आले. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. या प्रसंगाचे गोडवे नेहमी गायिले जातात. मला मात्र त्यात एक निर्दय बाजूही दिसते. प्रयोग पाहणाऱ्यांना भामिनी हवी होती, तिच्या आतल्या बापाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ च्या 'स्वयंवर'मधील रुक्मिणी आणि १९१९ च्या 'एकच प्याला'मधील सिंधू या त्यांच्या शिखरभूमिका होत. त्यांची लुगडी, केशरचना, दागिन्यांची निवड घरंदाज स्त्रिया अनुकरू लागल्या. पुरुषाने घडविलेले स्त्रीचे रूप स्त्रियांनाच आदर्श ठरले. बालगंधर्वही या रूपाचे भक्त होते, हे मान्य केले पाहिजे. खरे शालू, उंची अत्तरे, डोळे दिपविणारा नाट्यसाज यांवर त्यांनी हिशेब न ठेवता खर्च केला आणि मंडळी कर्जात बुडाली. तथापि सिंधूसाठी त्यांनी सारा साज उतरवून साधे, विटके लुगडे नेसले. त्या लुगड्यातील सिंधूनेही प्रेक्षकांना रडविले. गाण्याला साजाची गरज नाही याचा पुरावा त्यांनी स्वतःच दिला होता. तो वाचला मात्र कोणी नाही.

त्या गाण्याकडे आता वळू. भास्करबुवा बखले यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली होती. तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांसारखे साथीदार त्यांच्या मंडळीत होते. स्त्रीभूमिका करतानाही त्यांनी कृत्रिम बायकी आवाज काढला नाही. ते आपल्या स्वाभाविक आवाजातच गात. शब्द स्पष्ट, ताना आखूड आणि अर्थाला बिलगून येणाऱ्या, लयीवर पक्की पकड. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी तिला निराळा भाव देण्याची हातोटी. विद्यार्थ्यांनी त्यांची एखादी ध्वनिमुद्रिका मिळवून, छायाचित्र न पाहता, प्रथम नुसती ऐकावी. ग्रामोफोनच्या तबकडीवर शालू दिसत नाही. तरी त्या तबकड्या घरोघर ऐकल्या गेल्या, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झाले. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. केशवरावांनीही प्रारंभी स्त्रीभूमिका केल्या होत्या, परंतु ते वेळीच पुरुषभूमिकांकडे वळले. बालगंधर्व वळले नाहीत, किंवा त्यांना वळू दिले गेले नाही. शरीर स्थूल झाले, चेहऱ्यावर वय दिसू लागले. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या आणि जुना संकेत ढासळू लागला. उतारवयात बालगंधर्वांनी नायिका करणे सोडायला हवे होते, असे अभ्यासक सहसा म्हणतात. हे मत चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ज्यांनी 'धर्मात्मा'तील पुरुष नाकारला, त्यांनीच साडीतील वृद्ध कलावंताला हसावे, यात त्याच्यासाठी जागा कोठे उरते?

गोहरबाई कर्नाटकींच्या वाट्याला आलेला न्याय याहून कठोर होता. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून त्यांची गायकी गोहरबाईंनी इतकी आत्मसात केली होती की, ऐकणारा चकित होई. १९३८ च्या सुमारास त्या मंडळीत आल्या आणि नायिका करू लागल्या. ज्या भूमिका पुरुषाने केल्या तेव्हा समाजाने डोक्यावर घेतल्या, त्याच एका स्त्रीने केल्या तेव्हा तिचे रूप, तिचा धर्म आणि बालगंधर्वांशी तिचे नाते यांचीच चर्चा झाली. गाण्याविषयी बोलायला फारसे कोणी थांबले नाही. १९५१ मध्ये दोघांनी विवाह केला, तेव्हा अनेक जुने चाहते दुरावले.

पुढे बालगंधर्वांचे पाय अधू झाले. उभे राहता येईना, म्हणून बसून भजने गाणे एवढेच उरले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. त्याच १९६४ साली गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांचे निधन झाले.

मुठेकाठच्या ज्या रंगमंदिराला त्यांचे नाव आहे, त्याचे भूमिपूजन १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते झाले होते. उद्घाटन मात्र २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या पश्चात आलेल्या पहिल्या जन्मदिनी झाले. तेथे गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली त्यांची दोन तैलचित्रे आहेत : एक स्त्रीवेषातील, दुसरे पुरुषवेषातील.